चिरलेल्या नखांचं काम

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावात नखांचं काम चालेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, आमच्या ह्यांना तर बिलकुल नाही. हे कृषी केंद्रात कामाला. मी माझ्या पार्लरमध्ये जेल वाळवायचा दिवा आणला तेव्हा म्हणाले, "नखं कोण दुरुस्त करतंय? वाढली की कापायची, झालं." मी म्हणाले, "तुमच्या दुकानात अळीचं औषध मिळतं, माझ्या दुकानात नखाचं मिळंल." हे हसले. तेव्हा आम्ही एकमेकांना बोलून हसायचो.

खरं तर मंठ्याइतकी चिरलेली नखं शहरात मिळणार नाहीत. आमच्याकडे कापसाची वेचणी सरते न सरते तोच लग्नसराई लागते. हळदीला आठ दिवस राहिले तरी नवरी पऱ्हाटीत, कापसाच्या रानात असते. बोंडाचं वाळलेलं टोक सुईसारखं असतं. ते नखाखाली घुसतं आणि नख मधोमध उभं चिरतं, कधी कधी पार मांसापर्यंत. पूर्वी याचं कुणाला काही नव्हतं. आता फोटोवाला अंगठीचा, मेंदीचा, हातात हात दिल्याचा असे जवळून दहा फोटो काढतो. मग ते चिरलेलं नख घरातल्या सगळ्यांना दिसायला लागतं आणि पोरीला माझ्याकडे आणतात.

संभाजीनगरला थोड्या दिवसांचा कोर्स केला होता, पण हे काम मी मंठ्यातच शिकले. सुरुवातीला चिरेवर चिकटवायची रेशमाची पट्टी मिळायची नाही, तेव्हा डिपडिप चहाच्या पिशवीचा कागद वापरायचे. आधी नख कोरडं करायचं, वरची चमक घासून काढायची, चिरेवर गोंदाचा थेंब सोडायचा. त्यावर नखाएवढी कापलेली बारीक पट्टी ठेवायची आणि बोटाने दाबत दाबत कडेपर्यंत न्यायची. आत हवा राहिली की दोन दिवसांत पट्टी उचलते. वर पुन्हा थेंब, पुन्हा घासणं, इतकं की पट्टी कुठे सुरू होते ते बोटाला कळू नये. मग जेलचे हात आणि दिवा. खालून नवं नख येईपर्यंत ती चीर धरून ठेवायची, एवढंच काम. माझ्या हातून ते इतकं साफ व्हायचं की मीच पुन्हा पुन्हा बघायचे. शाळेत मला कशातच कुणी हुशार म्हटलं नव्हतं. त्यामुळे या कामाचा मला गर्व होता, आणि तो मी लपवायचे नाही.

कोर्समध्ये हातमोजे घालायला शिकवलं होतं. मी घालायचे, कधी विसरायचे. मोजे गोंदाला चिकटतात, चिमटीतली पट्टी कळत नाही, शिवाय बायकांना आवडत नाही. एक म्हातारी तर म्हणाली होती, "दवाखान्यात आल्यावानी वाटून राह्यलं गं."

जवळच्या एका गावच्या शाळेवर एक मॅडम होत्या, बौद्ध घरातल्या. अंगठ्याचं नख नेहमी चिरायचं त्यांचं, म्हणून दर महिन्याला यायच्या. बोलायला गोड, पण मोजकं. एक दिवस त्यांच्या आधी आमच्या भावकीतली बाई बसली होती. जुनं पाकीट संपलेलं आणि नवीन फोडायचा कंटाळा, म्हणून तिचं काम मी उघड्या हातांनी केलं. ती उठली, मॅडम बसल्या, आणि मी नवीन पाकीट फोडून मोजे चढवले. नख घासायला लागले. मॅडम मोज्यांकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आत्ता गेल्या त्या ताईंच्या वेळी मोजे नव्हते."

मी म्हणाले, "संपले होते मॅडम." पाकीट तिथेच होतं, दोघींच्या मधोमध.

"बराबर आहे," त्या म्हणाल्या. पर्स उचलली आणि अर्धं घासलेलं नख घेऊन निघून गेल्या. परत कधी आल्या नाहीत.

मी मुद्दाम केलं होतं का? बरेच दिवस मी स्वतःला नाही म्हणत आले. आता म्हणवत नाही. हात आपसूक पाकिटाकडे गेला होता, आणि आपसूक काय होतं आणि ते कुठून येतं, हे आमच्या घरात वाढलेल्या बाईला कुणी सांगायला नको.

दुसऱ्या दिवसापासून मी मोजे बंद केले. सगळ्यांसाठी. खरं तर सगळ्यांसाठी घालायला पाहिजे होते. इतकी सरळ गोष्ट होती, पण मी उलट्या बाजूने गेले. उघड्या हाताने सगळ्यांना सारखं शिवायचं, म्हणजे कुणाला बोलायला जागा नाही. बायका खूश झाल्या. मलाही आपण फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं. मॅडमच्या घरी जाऊन माफी मागायची, ते मात्र राहिलंच. पुढे जे झालं त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण ह्यांनी एकदा तसं बोलून दाखवलं होतं आणि मी ह्यांच्या अंगावर धावून गेले होते.

दीडेक वर्षाने बोटांची टोकं खाजायला लागली. मग बारीक पाण्याचे फोड, मग कातडी कोरडी पडून चिरा. मी भांड्यांच्या पावडरला दोष दिला, थंडीला दिला, बोअरच्या पाण्याला दिला. गावातल्या डॉक्टरांनी मलम दिलं. लावलं की बरं वाटायचं, पुन्हा तेच. नंतर नखं मांसापासून सुटायला लागली, आणि सुटलेलं नख चिरायला कितीसा वेळ लागतो? नखं दुरुस्त करणारीचीच नखं फाटकी असली तर कोण येणार? मग मी माझ्याच नखांवर पट्ट्या लावल्या, वर जेल, गडद मरून. दर दोन आठवड्यांनी काढायचे आणि पुन्हा लावायचे. खाली नख पिवळं पडत होतं, आतून दुखायचं. मी आणखी एक हात जाड द्यायचे. बायका म्हणायच्या, "ताईची नखं बघा, किती भारी." मी हात पुढे करून दाखवायचे.

जालन्याच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा ते जेल काढायला लावलं. खालची बोटं त्यांनी उलटसुलट करून बघितली. मग काय काम करता विचारलं. मी पट्टी बोटाने कशी दाबते ते करून दाखवलं, तेही थोडं ऐटीत. त्या म्हणाल्या, "ज्याने झाकताय त्यानेच होतंय हे."

मी म्हणाले, उद्यापासून मोजे घालते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. कच्चं जेल पातळ मोज्यातून झिरपतं, आणि आता माझ्या अंगाला त्याचा थेंबही चालणार नाही. आधी घातले असते, वेळच्या वेळी बदलले असते, तर कदाचित वेगळं असतं. "कातडी हे विसरत नाही. हे जन्माचं आहे." दात भरायची वेळ आली तर आधी दातांच्या डॉक्टरांना सांगा, म्हणाल्या, त्यांच्याकडेही याच जातीचा माल असतो. आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून स्वतःहून म्हणाल्या, "हे लागट नाही बरं का. तुमच्यामुळे कुणाला होणार नाही."

परतीच्या बसमध्ये मला रडू आलं नाही. राग आला होता, आणि तो काढायला माणूस सापडत नव्हता. ज्याच्या त्याच्या नावाने बोटं मोडून झाली, की शेवटी आपणच उरतो.

भुवया कोरायचं तेवढं ठेवलं. पण दोरा बोटांच्या चिरांमध्ये बसतो. एकदा एका मुलीच्या कपाळावर रक्ताचा ठिपका पडला, तिला वाटलं तिचंच कापलं. हे म्हणाले, "शिवणकाम कर मंग." मी म्हणाले, "सुई कुठं धरू, दातात?" यावर कुणी हसलं नाही. दिवा मी टेबलावरून काढला नाही. कुणी फार गयावया केली की ह्यांच्या चोरून एखादं नख करायचे, हे शेवटचं म्हणून. मग पुढचे तीन आठवडे कणीक मळता यायची नाही. असं शेवटचं मी किती वेळा केलं, मला आठवत नाही.

यंदा वेचणी सरताना दोघी माय-लेकी आल्या. पोरगी हात ओढणीत लपवून बसली. उद्या हळद होती. उजव्या अंगठ्याचं नख अर्ध्यापर्यंत चिरलेलं, ताजं, कड अजून लाल. असं काम समोर दिसलं की हातच थांबत नाही. मी तिचा अंगठा उजेडात धरला, चीर कुठपर्यंत गेली ते बघितलं, मनात पट्टी कापूनही झाली. पोरीने माझ्याकडे इतक्या आशेने बघितलं की मला जुने दिवस आठवले.

तेवढ्यात आईचं लक्ष माझ्या बोटांवर गेलं. सोलवटलेली टोकं, सुटलेली नखं, चिरा.

"हे काय झालंय ताई तुमच्या हाताला? पोरीला लागायचं तर न्हाई ना? उद्या हळद हाय तिची."

"आई, बसू दे की," पोरगी म्हणाली. "आपण एवढ्या लांबून आल्तो."

आई माझ्याकडे बघत थांबली. बाई काही वाईट नव्हती. तिला माझ्याकडून फक्त एक 'न्हाई' पाहिजे होतं, ते मिळालं असतं तर ती निवांत खुर्चीत बसली असती.

"सांगता येत न्हाई, मावशी," मी म्हणाले.

तिने पोरीचा हात माझ्या हातातून ओढून घेतला. मी ड्रॉवरमधली जखमेवर लावायची साधी चिकटपट्टी काढून टेबलाच्या त्यांच्याकडच्या कडेला ठेवली आणि मागे सरले. पोरीचे डोळे भरले होते. आईने पट्टी घेतली नाही.

लागत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण तसं म्हटलं असतं तर पोरगी बसली असती, आणि मी तिचं नख केलं असतं, शेवटचं म्हणून, आणि मग त्याच्या पुढचं. मला थांबवणारं दुसरं कुणी नव्हतं.

दारातून उतरताना आईने पोरीचा हात आपल्या पदराने पुसला.