तेलात बुडवलेली काडतुसं

माझ्या बाने तीन वर्षं एका माणसाच्या भीतीने पिस्तूल बाळगलं, आणि त्यातला बहुतेक सगळा काळ तो माणूस तुरुंगात होता. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाटायचं की आमच्या वाटेवर रोज दरोडेखोर दबा धरून बसलेले असत. आमचा गाव लोणखेड्याच्या अलीकडे, शहाद्याहून बैलगाडीने तासाभराच्या आत. वाटेत गोमाई नदी, बाभळी आणि कापसाची शेतं. दबा धरायला जागा तरी कुठे होती?

तो माणूस आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. जातीने भिल्ल. सात वर्षं आमच्याकडे होता. आमच्या खान्देशात सालदाराचं वर्ष आखाजीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत. आखाजीला माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, पितरांची घागर भरतात, आणि त्याच दिवशी सालदार मालकाच्या खळ्यावर येऊन नवं साल धरतो किंवा राम राम करून दुसरा मालक शोधतो. हा सात आखाज्या आमच्याच खळ्यावर आला. मला खांद्यावर बसवून त्याने कितीदा तरी गोमाई ओलांडली असेल.

एका उन्हाळ्यात आमची चाऱ्याची गंजी जळाली. आदल्याच दिवशी बाने त्याला सगळ्यांदेखत शिवीगाळ केली होती, एक बैल लंगडायला लागला म्हणून. गंजी पेटली तेव्हा बाला कोणीतरी पळताना दिसलं. पाठ दिसली, एवढंच. घरी बोलताना पाठच म्हणाला. कचेरीत गेल्यावर त्या पाठीला तोंड फुटलं. सालदाराला तीन वर्षांची शिक्षा झाली. गंजी कोणी पेटवली ते आजवर मला माहीत नाही. बालाही माहीत नव्हतं, असं मला वाटतं, आणि भीती त्यातूनच आली. खरं बोललेला माणूस एवढा घाबरत नाही.

निकालानंतर महिनाभरात चावडीवर कोणीतरी म्हणालं, "तो सुटी उना का तुमले तोडी, पाटील." तो असं बोलला हे कोणी ऐकलं, कुठे ऐकलं, काही पत्ता नाही. पण बाने ते मनाला लावून घेतलं. मामलेदाराकडे खेटे घातले, धुळ्याच्या साहेबाची सही आणली आणि कुठल्याशा पेन्शनीत निघालेल्या अधिकाऱ्याचं सहाबारी पिस्तूल घेऊन घरी आला. बरोबर सहा काडतुसं. घराची दारं लावून त्याने ते मायला आणि मला दाखवलं. मी तेव्हा बारा वर्षांची.

"कोनले सांगानं नही," बा म्हणाला.

मायने बंडीच्या आतून, डाव्या काखेखाली, खादीची जाड पिशवी शिवली. एका बंडीला नाही, चारही बंड्यांना, आणि लग्नाकार्यात घालायच्या कोटालाही. पिशवीच्या तोंडाला बटण नको, हात अडकेल, असं बा म्हणाला. मग ती उघडीच ठेवली. बाने आरशासमोर उभं राहून वरून काही दिसतं का ते पाहिलं. काही दिसत नव्हतं. पण चार दिवसांत सगळ्या गावाला कळलं, कारण माणसाची चालच बदलली. बा डावा हात अंगापासून जरा लांब ठेवून चालायला लागला, काखेत गळू झालेल्या माणसासारखा. शेजारच्या काकू मायला खुशाल विचारायच्या, "आज पाटीलनं गळू कशे शे?" माय हसायची आणि घरात येऊन रडायची.

त्या पिस्तुलाने बाला वाचवलं की नाही ते पुढे येईलच, पण आमच्या घरातून त्याला उचलून नेलं हे नक्की. धाकट्या भावाला तो मांडीवर घेईना. पोळ्याला बैलांच्या पायावर डोकं ठेवायला वाकेना. वाकलं की पिस्तूल पुढे घसरायचं. पंगतीत भिंतीला पाठ लावून बसायचा. न्हाव्याला घरी बोलवायचा, कारण पारावर बसलं की पाठीमागे कोण उभं आहे ते दिसत नाही. गाडीत धुरेवर, पुढे कासरे धरून बसणारा माणूस मागे बसायला लागला. पूर्वी तो जेवताना मायची फार थट्टा करायचा, भाकरी जाड झाली की "ही भाकर शे का जातं?" म्हणायचा. ते बंद झालं. मला त्या मुक्या लोखंडाचा मनापासून राग यायचा. आणि खरं सांगते, तुरुंगातल्या माणसाचाही राग यायचा, त्याने माझं काही केलेलं नसताना.

पहिला दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं झाडून सगळं लोखंड पुजतात. विळे, पावशी, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, अडकित्तासुद्धा. आदल्या दिवशी ते घासायचं, धुवायचं, तेल लावून पाटावर मांडायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. हे काम बायकांचं. बाने पिस्तूल मायच्या हातात दिलं आणि सहाही काडतुसं काढून ताटलीत ठेवली. "यास्नी बी पूजा कर," म्हणाला, आणि हात जोडले. माझ्या आठवणीत त्याने एवढ्या भावाने देवालाही हात जोडले नव्हते.

मायने पिस्तुलाला फडक्याने तेल चोळलं. काडतुसांचं काय करायचं ते तिला कळेना. एवढ्याशा गोष्टीला तेल चोळायचं कसं? मग ते मीच सुचवलं. वाटीत करडईचं तेल घ्यावं आणि त्यात बुडवून ठेवावीत, गंज चढायची भानगड नको. माय म्हणाली, "पोर शानी शे." सहा काडतुसं रात्रभर पाटावर तेलाच्या वाटीत पडून राहिली, वर झेंडूची पाकळी तरंगत. सकाळी पुसून, हळदकुंकू लावून बाला परत दिली. पुढच्या दसऱ्याला तेच, आणि मी लग्न होऊन सासरी गेले तेव्हा तिसऱ्या दसऱ्याला मायने एकटीने तेच केलं. बाने एकही गोळी कधी झाडून पाहिली नाही. मोजून सहा, वाया कोण घालवणार?

तिसऱ्या वर्षाच्या आखाजीला मी माहेरी आले. पंधरा वर्षांची होते. तो माणूस सुटून आठवडा झाला होता, हे मला वेशीतच कळलं. घरात सणाचं वारं नव्हतं. माय चुलीपुढे सांजोऱ्या तळत होती आणि दर थोड्या वेळाने दाराकडे बघत होती. बाने दोन नवे सालदार धरले होते, दोघे धडधाकट, बाहेरगावचे. ते खळ्यावर होते. "त्यास्ले सांजोऱ्या दी ये," माय म्हणाली, म्हणून मी टोपली घेऊन घरामागच्या खळ्यावर गेले.

दुपारची वेळ होती, डोक्यावर ऊन. बा खळ्याच्या मधोमध, मेढीच्या खांबाला पाठ लावून उभा होता. सालदार गाडीजवळ होते. आणि बांधावरून तो येत होता.

मी त्याला लगेच ओळखलं नाही. केस पांढरे झाले होते आणि अंगावर मांस उरलं नव्हतं. खांद्यावर कुऱ्हाड होती. तीच, जी तो सातही आखाज्यांना घेऊन यायचा, कारण सालदार आपली कुऱ्हाड आपण आणतो. पण तिच्या पात्याला फडकं बांधलेलं होतं, हिरव्या लुगड्याचा तुकडा, दोन गाठी मारून. ते मी स्पष्ट पाहिलं. ऊन होतं, मी बापेक्षा त्याच्या जवळ होते आणि माझ्या मनात कुठलं पाप नव्हतं. बाला पातं दिसलं की फडकं, ते मी कधी विचारलं नाही.

खळ्याच्या कडेला येऊन तो थांबला. खळ्यात पायताण घालून कोणी जात नाही, धान्य असतं तिथे. तोही नेहमीसारखा पायताण काढायला थांबला. पायताण काढायला वाकायचं म्हणून त्याने खांद्यावरची कुऱ्हाड खाली घेतली.

"राम राम, मालक," तो म्हणाला. "साल धराले उनू."

बाचा हात बंडीत गेला. चाप ओढल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. कडीकोयंडा लागतो तेवढाच. एकदा, दोनदा, तीनदा. काही उडालं नाही. तो माणूस वाकलेलाच राहिला, एक पायताण हातात, आणि वर बाकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर भीती नव्हती. मालकाला हे काय झालं, असं काहीतरी होतं.

त्या क्षणी मला आनंद झाला. काही उडालं नाही, कोणी मेलं नाही, आता बा शुद्धीवर येईल, असं वाटलं. पण नव्या सालदारांनी पाहिलं ते एवढंच की मालकाने पिस्तूल काढलं आणि समोर कुऱ्हाडवाला आहे. त्यांनी गाडीच्या उभाऱ्या उपटल्या आणि धावले. उभारी म्हणजे गाडीच्या बाजूचा मनगटाएवढा दांडा.

बाने "थांबा" म्हणायला हवं होतं. त्याचं तोंड उघडलेलंही होतं. पहिला फटका बसेपर्यंत वेळ होता, दुसऱ्यालाही होता. तिसऱ्या-चौथ्यानंतर तो म्हणाला, "थांबा रे, थांबा." तेव्हा थांबून काही उपयोग नव्हता. आणि बाला एकट्याला का बोल लावू? तोंड मलाही होतं. मी टोपली सांभाळत उभी होते.

माय धावत आली. तिने खळं पाहिलं, बाच्या हातातलं पिस्तूल पाहिलं, मग कुऱ्हाड पाहिली. तिला सगळं एका नजरेत कळलं, आमच्या कोणापेक्षाही आधी.

"ते फडकं सोड," ती मला म्हणाली.

मी सोडलं. गाठी पक्क्या होत्या, बोटांनी सुटेनात, तेव्हा दातांनी सोडल्या. फडक्याला धुतलेल्या कापडाचा वास होता. मायने ते माझ्याकडून घेतलं आणि घरात जाऊन चुलीत घातलं. वर कढईत सांजोऱ्या करपून गेल्या होत्या.

गाडी शहाद्याला पोचायच्या आत तो गेला. संध्याकाळी फौजदार आला, पंचनामा झाला. उघड्या पात्याची कुऱ्हाड, जुनं वैर, तीनदा चाप ओढूनही न उडालेलं पिस्तूल. फौजदाराने एक काडतूस बोटांत फिरवलं, हुंगलं आणि त्याला हसू आवरेना. "पाटील, यात तेल मुरलंय. दारू मेली आहे याची. तुम्ही तर नुसतं लोखंड घेऊन हिंडत होता. देवाने वाचवलं तुम्हाला." बाने मायकडे पाहिलं. माय जमिनीकडे बघत होती. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

पुढे खटला उभा राहिलाच नाही. मालकाच्या जिवावर हल्ला झाला आणि नोकरांनी मालकाला वाचवलं, असंच कागदावर लागलं. चावडीवर बा ही गोष्ट सांगायचा तेव्हा लोक माना डोलवायचे. दर वेळी कुऱ्हाड थोडी आणखी वर उचलली जायची.

तुम्हाला वाटेल, पिस्तूल तरी गेलं असेल. नाही गेलं. आता मेलेल्या सालदाराच्या भावांची भीती होती. धुळ्याहून नवी काडतुसं आली. दसऱ्याला पिस्तूल पाटावर यायचं, काडतुसं मात्र बा कनवटीला ठेवायचा. मी दर दसऱ्याला माहेरी येत राहिले, सासूची बोलणी खाऊनही. बा अंघोळीला गेला की त्याच्या धोतरातून काढून, ती सहाही तेलाच्या वाटीत टाकायची. बाची अंघोळ लांबायची, आणि वेळ कमी पडला तर आणखी पाणी तापतंय म्हणून मी सांगायची. पुरेसं मुरायचं की नाही, देव जाणे. बा अंथरुणावर मेला, म्हातारा होऊन. ते भाऊ कधी आलेच नाहीत.

आली ती त्या सालदाराची बायको. खळ्यावरच्या त्या दिवसानंतर दुसऱ्याच वर्षी, कापूस वेचायला आमच्याच शेतात, कारण आसपासची शेतं आमचीच होती. मी माहेरी आले होते आणि मजुरणींबरोबर वेचत होते. ती माझ्या शेजारच्या ओळीत होती. अंगावर हिरवं लुगडं, पदराचा एक कोपरा फाटलेला. दुपारपर्यंत तिची ओटी दोनदा भरली. मग बोंडावरून हात न काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, त्यानी कुऱ्हाडले मी फडकं बांधेल व्हतं. मन्हा हाते, दोन गाठी मारी. म्हनं, मालकले भेव नको वाटाले. ते फडकं कोठे गयं?"

"माले काय माहीत?" मी म्हणाले.

ती पुढच्या झाडाकडे सरकली. मीही सरकले, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी शेजारी शेजारी कापूस वेचत राहिलो.