गिरणीशेजारचा कॉम्प्युटरवाला

त्याचं नाव मी विचारलंच नाही. पिंप्राळ्यात पिठाच्या गिरणीला लागून त्याची खोली होती आणि तिथे तो जुन्या-नव्या भागांतून कॉम्प्युटर जोडून द्यायचा. धुळ्याला आमच्या दूध संस्थेतला कॉम्प्युटर विजेच्या चढउतारात जळाला होता. घेतला होता तो माझ्याच हट्टाने. चेअरमन आबा म्हणाले होते, "कॉलेज शिकून हेच दिवे लावले का? आता स्वस्तात दुसरा आण, नाहीतर बस हाताने लिहीत."

मशीन जोडून झालं. स्वतः तारा गुंडाळून बनवलेला स्टॅबिलायझरही त्याने लावला, तरी तो मला मशीन देईना. बनियनला हात पुसत बसून राहिला.

"कशाची वाट बघताय, भाऊ?"

"दळणाची."

शेजारी गिरणी सुरू झाली. दिवा पिवळा पडला, टेबल थरथरलं, पीठ उडून आत आलं. पडद्यावर मी तपासायला टाइप केलेलं मराठी पत्र मात्र जागचं हललं नाही. त्याने काचेवरचं पीठ बोटाने पुसलं आणि हसला. "आठे टिकना, ते बठ्ठीकडे टिकी. घेऊन जा." गिरणीशेजारी टिकलं ते सगळीकडे टिकणार, हा त्याचा हिशोब.

डिग्री मिळवणारा मी घरातला पहिला, पण अशी परीक्षा मी कुठल्याच कॉलेजात पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी धुळ्यात व्होल्टेज पडलं. पंखा थांबत आला, कॉम्प्युटर चालूच. सभेची नोटीस छापून बाहेर आली. आबांनी ती दोनदा वाचली, सही ठोकली आणि माझ्याकडे बोट करत शिपायाला ओरडून सांगितलं, "अरे, सायेबले च्या सांग!"

तोवर त्या ऑफिसात मी नुसता 'ए पोऱ्या' होतो.