पतंगाच्या मेंदूतली गाठ

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या जाळीवर एक करडा पतंग येऊन बसला. त्याच्या मिशा पिसांसारख्या होत्या. सुट्टीला घरी आलेली माझी मुलगी मीरा कीटकांचा अभ्यास करते. ती म्हणाली, "बाबा, हा नर आहे. यांच्या मेंदूत वास ओळखणाऱ्या बारीक गाठी असतात. नराच्या काही गाठी खूप मोठ्या असतात, आणि त्या फक्त मादीच्या वासासाठी असतात."

"आणि मादीच्या मेंदूत?"

"तिथे त्या तशा नसतात. काही जातींत तिच्या वेगळ्याच गाठी मोठ्या असतात. अंडी कुठल्या झाडावर घालायची, हे तिला वासावरून कळावं लागतं ना."

मी पतंगाकडे पाहत राहिलो. मीराची आई गेल्या वर्षी गेली. लहानपणी मीराच्या कपाळाला नाक लावून ती सांगायची, हिला आज ताप येणार. आणि यायचा. मला असलं काही कधी कळलं नाही. मला एकच वास हमखास ओळखता यायचा, तिच्या केसांचा. त्यात शिकेकाई असायची आणि थोडी फोडणी. आता आठवायला गेलो की हे शब्द तेवढे आठवतात, वास येत नाही.

"काय झालं, बाबा?"

"तुझ्या आईच्या केसांचा वास आठवत होतो."

मीरा म्हणाली, "तिची निळी साडी मी हॉस्टेलवर नेलीय. धुतली नाही."

ती साडी मी कपाटात कितीदा शोधली होती.

"अजून येतो का गं?"

"येतो," ती म्हणाली. "पण मी रोज नाही उघडत. संपेल म्हणून."