वकीलसाहेबांचा पाक

आमच्या शेजारचे वकीलसाहेब निवृत्त झाल्यापासून तान्ह्या पोळ्याला घरी कॅरमलची सफरचंदं करतात. लाकडी बैल घेऊन दारोदार येणाऱ्या पोरांच्या हातावर बाकीची गल्ली चॉकलेट ठेवते. हे मात्र व्हरांड्यात शेगडी मांडून साखर-लोण्याच्या पाकाची उलटतपासणी घेतात. "खरं सांग, झाला का नाई तू?" असं पातेल्यात वाकून दरडावतात आणि पोरं खिदळतात. माझी नात सणापुरती अकोल्याहून येते, माझ्यापुढे बैल टेकवल्यासारखा करते आणि थेट त्यांच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. माझं चॉकलेट ती बैलाला चारते.

यंदा हवा दमट होती, त्यात वकीलसाहेबांनी पाक घाईने उतरवला. काड्यांना टोचलेल्या सफरचंदांवरून तो सगळा ओघळून ताटात साचला. मी कुंपणापलीकडून विचारलं, "काय वकीलसाहेब, केस हारले वाटते?" सण असल्यासारखं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

त्यांनी ताटाकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि ते पोरांकडे वळले. "माह्या तोंडाकडे काहून पाहून राहिले बे? जा, घरून वाट्या आना. फोडी करून देतो, पाकात बुडवा अन् खा!"

क्षणात फाटक रिकामं झालं. नात धापा टाकत आमच्या स्वयंपाकघरात शिरली. "आबा, मोठी वाटी दे ना, लवकर!"

मी तिला घरातली सगळ्यात लहान, देवाच्या नैवेद्याची वाटी शोधून दिली.