पायाने वाजवायचा ढोल

आता गुडघे कुरकुरतात आणि डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तरी आमच्या बँडचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. डब्लिनमध्ये पंक रॉक म्हणजे काय हे कुणाला धड माहीत नव्हतं, तेव्हाचे आम्ही. तिघंच होतो: गिटार आणि आरडाओरडा एकाकडे, बेस दुसऱ्याकडे, ड्रम्स माझ्याकडे. ते दोघं गोरे, गुडघ्यापर्यंत लेस बांधायचे बूट घालणारे. तालीम आमच्या बेसमेंटमध्ये. आई बूट दारातच काढायला लावायची, त्यामुळे साऱ्या जगावर चिडलेली आमची गाणी आम्ही भोकं पडलेल्या मोज्यांत वाजवली. मग वर येऊन तिघंही निमूट पोहे खायचो. फार मजेचे दिवस होते.

बाबांचं मात्र बिनसलं होतं. ते तबला वाजवायचे. मलाही त्यांनीच शिकवला. आमच्या घरी वाद्याला चुकून पाय लागला, तर लगेच हात लावून नमस्कार करायचा. आणि ड्रम्समधला सगळ्यात मोठा ढोल वाजतो तोच मुळी पायाने. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "वाद्याला लाथ मारतोस?" त्यानंतर तालीम सुरू झाली की ते गाडी काढून कुठेतरी निघून जायचे. मी बेफिकिरीचा आव आणायचो, पण त्यांनी एकदा तरी ऐकावं म्हणून माझा जीव तुटायचा.

एका रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. आईने कसं पटवलं कोण जाणे, बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, हाताची घडी, मागच्या भिंतीपाशी उभे. त्यांना पाहिलं आणि माझा उजवा पाय त्या ढोलाच्या पेडलवर जाईचना. पहिलं अख्खं गाणं मी नुसत्या हातांनी वाजवलं. गिटारवाला वळून वळून डोळे वटारत होता.

गाणं संपलं तसे बाबा गर्दीतून वाट काढत थेट स्टेजपाशी आले. मला वाटलं, आता घरी चल म्हणणार. ते वाकून म्हणाले, "डग्गा कुठे गेला तुझा? नुसता तबलाच ऐकू येतोय. पाय लाव."

मी पाय लावला. बाबा भिंतीपाशी परत गेले नाहीत, तिथेच स्पीकरसमोर ठेका धरून उभे राहिले. पुढचं गाणं मी रडत वाजवलं. पंकवाल्याला शोभत नाही, पण वाजवलं.