काकीचा ‘मेल्याचा दिवस’

“सर, काकी गेली,” गावच्या बचतगटातल्या रमलाचा फोन आला तेव्हा शाळा सुटून मी आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बसस्थानकावर उभा होतो. ती पुढे म्हणाली, “दुपारच्या अगोदरच गेली जी... अना आमाले सांज होयपावतर समजलंच नाही.”

देवका काकी माझी नात्याने कोणी नव्हती. केशोरीच्या अलीकडचं आमचं सगळं गावच तिला काकी म्हणायचं. धानाची एक जुनी वखार गावात रिकामी पडली होती. ग्रामपंचायतीकडून ती मागून घेऊन काकीने आणि तिच्या बचतगटाच्या बायांनी तिचं समाजघर केलं. लग्न, बारसं, तेरवी, जे असेल त्याला जागा आणि भांडी भाड्याने द्यायची, स्वयंपाकही बायांनीच रांधायचा आणि त्या कमाईवर समाजघराच्या एका कोपऱ्यात अभ्यासिका चालवायची. माझे आईवडील शाळेत कधी बसले नाहीत. मी पदवीधर झालो तो त्या कोपऱ्यात. मध्ये फक्त बांबूचा तट्टा होता. तट्ट्याच्या अलीकडे आम्ही परीक्षेचा अभ्यास करायचो आणि पलीकडे नवरदेवाचा बँड वाजायचा. एकदा मी वैतागून तक्रार केली, तर चुलीवरच्या भाताच्या गंजातून मान वर न करता काकी म्हणाली, “वाजा वाजते म्हणूनच तुया डोस्क्यावरचा पंखा फिरते, बापू. वाच.” पारावरचे लोक थट्टा करायचे, “लोकाइच्या पंगती उठवून बाई पोट्टे साहेब करून राहिली.” तिला ते आवडायचं. मीही त्यातलाच एक ‘साहेब’. आज शिक्षक म्हणून उभा आहे तो तिच्यामुळे, हे मी तिला एकदा नीट सांगितलं होतं, एवढं बरं झालं.

तिला काळजी होती ती एकाच गोष्टीची. किती माणसांना किती तांदूळ, कोणाला भांडी द्यायची, कोणाची बोलणी कशी करायची, हे सगळं तिच्या डोक्यात होतं आणि जरा काही अडलं की बाया तिच्याकडे धावायच्या. “मी गेली का याची पुन्हा वखार होते, पाह्य,” असं ती मला कितीदा तरी म्हणाली. शेवटच्या काही वर्षांत तब्येत ढासळली तेव्हा तिने त्यावर स्वतःच उपाय काढला. मधूनमधून एखाद्या कामाच्या दिवशी ती सकाळीच जाहीर करायची, “आज मी मेली. मले काही इचारायचं नाही.” आणि मागच्या चिंचेखाली खाट टाकून, तोंडावर पदर घेऊन पडून राहायची. बायांनी त्याला नाव दिलं होतं, काकीचा मेल्याचा दिवस. एकदा मी गावी असताना तो पाहिला. गटातली सगळ्यात थोरली तिजाबाई आली आणि म्हणाली, “काकी, वांग्यात तेल किती टाकू?” “अवं काकी!” पदराखालून आवाज आला, “मेल्या बाईले इचारतेस? लाज नाही वाटत?” “मेली बाई बोलते कशी मंग?” “तुमच्यापायी मले सुखानं मरता बी येत नाही!” आम्ही पोट धरून हसलो. पण तेल किती टाकायचं ते तिजाबाई विचारूनच गेली. दर वेळी असंच व्हायचं. त्या परीक्षेत पास मात्र कोणी होत नव्हतं.

रमलाचा फोन आला त्या दिवशी लग्न होतं. काकीने चूल पेटवून दिली, थोडं खाल्लं आणि “आज मी मेली गं,” म्हणून खाटेवर जाऊन पडली. दुपारी चिचगडकडून वऱ्हाड आलं, सांगितल्यापेक्षा एक ट्रॅक्टर जास्त. पहिल्याच पंगतीला भात तळाला गेला. रमला मागच्या दाराशी धावली. “काकी, भात पुरत नाही. का करू?” दोनदा, तीनदा विचारलं. शेवटी ती चिडून ओरडली, “आजच मरायची होती का बाई तू!” आणि तशीच परत फिरली. पुन्हा रांधायला वेळ नव्हता. तिने बायांना घरोघरी पिटाळलं. दुपारची वेळ, धानाचा मुलूख, प्रत्येक चुलीवर भात होताच. टोपल्या भरभरून आला, कुठे जाडा, कुठे बारीक. सगळा एकत्र वाढला गेला. कोणाच्या घरचा कोणता, हे जातपात पाळणाऱ्या आमच्या गावातही त्या दिवशी कोणी विचारलं नाही. नवरी निरोप घेऊन निघाली आणि मग बाया हसत हसत काकीचं ताट घेऊन चिंचेखाली गेल्या...

तेरवीनंतर काही आठवड्यांनी मी पुन्हा गावी गेलो. ती झोपेतच, आडवी झाल्यावर थोड्याच वेळात गेली असावी, त्रास झाला नसावा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याने माझं मन हलकं झालं होतं. रमलाचं नव्हतं. समाजघरात बाया तांदूळ निवडत होत्या. रमलाने सूप खाली ठेवलं. “सर, मी मेल्या बाईवर ओरडली जी. तिले आयकू गेलं असन का?”

तिजाबाई सुपातून नजर न काढता म्हणाली, “आयकू गेलं असन तं हासली असन. जनमभर कोणी पास होत नव्हतं, एक झाली. थे बी ओरडून.”

रमलाला हसू फुटलं, रडू आल्यासारखं, पण हसूच. बाकीच्याही हसल्या. मला वाटतं, काकीच्या तेरवीलाही आम्हाला इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात केशोरीहून एक गृहस्थ मोटारसायकलवर आले. मुलीच्या लग्नाला जागा हवी होती. त्यांना काही कळलेलं नव्हतं. “काकी कुठी गेली? तिले इचारा लागन ना?”

समाजघराच्या दाराला दगडाची एक रुंद पायरी आहे. काकी बोलणी तिथेच बसून करायची. सरपंच असो की मजूर, समोरच्याला तिच्या शेजारी त्याच दगडावर बसावं लागायचं. रमला हात पुसत उठली आणि त्या पायरीवर जाऊन बसली. शेजारची जागा तिने पदराने झटकली.

“नाही लागत जी,” ती म्हणाली. “बसा. तारीख सांगा.”