चार नंबर बेडचे दोन पत्ते

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे चाळणीबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं ‘बाई’. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम वाचायचा, चुका शोधायच्या आणि मनाची खात्री पटली तरच मंजुरीचं बटण दाबायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या नजरेतून खडा सुटत नाही म्हणून चाळणी. बाईंना हे नाव मुळीच आवडायचं नाही. “चाळणीत भोकंच जास्त असतात,” असं त्या म्हणायच्या, आणि आम्ही हसलो तरी त्या हसायच्या नाहीत.

बाई जन्माच्या भित्र्या. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायच्या आणि जिना उतरून पुन्हा वर जायच्या. त्यांचे यजमान शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. ते खाली उभे राहून ओरडायचे, “अगं, चोरसुद्धा एवढ्यांदा ओढून बघत नाही!”

बाविसाव्या वर्षी त्या एका कारखान्याच्या टेलिफोन-खोलीत फोन जोडून द्यायच्या कामाला लागल्या होत्या. पुढे ती खोलीच बंद झाली, तेव्हा संध्याकाळच्या वर्गाला जाऊन त्या प्रोग्रामिंग शिकल्या. आमच्याकडे आल्या त्या वयाच्या चाळिसाव्या वर्षी. त्यांची मुलाखत आप्पांनी घेतली. आप्पा म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने प्रोग्रामर, मूळ प्रोग्राम त्यांनीच एकहाती लिहिलेला. “तुमच्यात दोष काय?” असं आप्पांनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, “मला फार भीती वाटते.” आप्पा खूश झाले. “हिलाच घ्या,” म्हणाले.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. बदललेल्या प्रोग्रामच्या चाचण्या घेणं माझं काम. म्हणून पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच सांगून टाकते.

हॉस्पिटलच्या वॉर्डात बेडशेजारी नाडी मोजणारं मशीन असतं. त्याचे आकडे सिस्टरच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर पोचवायचे, एवढंच आमचा प्रोग्राम करतो. प्रत्येक बेडची एक हिरवी चौकट. एखाद्या मशीनकडून दहा सेकंद खबर आली नाही, किंवा नाडी फार घसरली, तर चौकट लाल होते आणि घंटा वाजते. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला एक आयपी पत्ता असतो, आणि वीस वर्षं आमचा प्रोग्राम एक मशीन, एक पत्ता असंच धरून चालला होता.

मग एका हॉस्पिटलने सांगितलं की प्रत्येक मशीनला दोन केबली हव्यात, एक निसटली तर दुसरी आहे. दोन केबली म्हणजे दोन पत्ते. ऐकायला सोपं वाटतं. जिथे ‘पत्ता’ होता तिथे ‘पत्त्यांची यादी’ करायची. पण तो पत्ता अडतीस फायलींमध्ये शिरून बसला होता. आप्पांनी दोन आठवडे खपून सगळं बदललं. मी चाचण्या घेतल्या, सगळ्या पास. बाई तीन दिवस वाचत होत्या.

तिसऱ्या दिवशी घरून फोन आला, की सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नव्हतं, पण अर्धा तास बाई फोनवरच होत्या. परत येऊन बसल्या तेव्हा अर्धी वाचलेली फाइल, उठताना घाईत त्यांच्याच हातून झालेली ‘पाहिलं’ अशी खूण घेऊन पडद्यावर उभी होती. तेवढ्यात आप्पा तिसऱ्यांदा दारात. “झालं का गं? तिकडे सकाळी बसवायचं ठरलंय.” बाईंनी पुढच्या फायली वाचल्या आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बारा बेडच्या एका वॉर्डात नवा प्रोग्राम सुरू झाला.

साडेदहाच्या सुमाराला मी बघते तर बाई तेच बदल पुन्हा वाचत होत्या.

“बाई, ते मंजूर झालंय ना?”

“झालंय. कुलूप ओढून बघतेय.”

थोड्या वेळाने माउसवरचा त्यांचा हात थांबला. मी सहज वळून पाहिलं आणि घाबरलेच. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. त्यांनी बोट ठेवून मला दोन जागा दाखवल्या. दुसरी जागा त्या अर्ध्या वाचलेल्या फाइलमध्ये होती.

“हे बघ. मशीन जिवंत आहे का, हे प्रोग्राम दोन्ही पत्त्यांवर विचारतोय. एकाने ‘आहे’ म्हटलं तरी चालतं. पण नाडीचा आकडा कुठून घेतोय?”

“यादीतल्या पहिल्या पत्त्यावरून,” मी म्हटलं.

“फक्त पहिल्यावरून. मग पहिली केबल निसटली तर?”

“नवा आकडा येणार नाही.”

“आणि लालही होणार नाही. दुसरा पत्ता ‘आहे, आहे’ म्हणत राहणार. शेवटचा आकडा पडद्यावर तसाच. हिरवा.”

“पण मी चाचणी घेतली होती...” एवढं म्हटलं आणि मला आठवलं. मी पहिली केबल काढून पाहिली होती, चौकट हिरवी राहिली, म्हणून पास असं लिहिलं होतं. चौकटीतला आकडा हलतोय की नाही, ते मी बघितलंच नव्हतं.

आम्ही दोघी आप्पांच्या खोलीत गेलो. आप्पांनी मान वर केली नाही. “चाचण्या पास आहेत ना? मग? भित्यापाठी ब्रह्मराक्षस! दुपारी बघतो.”

“दुपारपर्यंत अख्ख्या वॉर्डातली माणसं त्या पडद्यावर आहेत, आप्पा.”

“उगाच हॉस्पिटलला घाबरवायचं का? रीतसर मदत विभागाकडे नोंद कर.”

मदत विभाग नोंदीला चार तासांनी उत्तर देतो, हे आप्पांनाही ठाऊक होतं. या माणसाने बाईंना काम दिलं, काम शिकवलं. आप्पांसमोर बारा वर्षांत बाईंचा आवाज चढला नव्हता, आत्ताही चढला नाही. त्या नुसत्या वळल्या.

जागेवर येऊन त्यांनी ड्रॉवरमधून वॉर्डाच्या फोन नंबरांचा कागद काढला. आम्ही हॉस्पिटलला थेट फोन करायचा नाही, असा कडक नियम होता.

“बाई, नोकरीवर येईल.”

“येईल,” त्या म्हणाल्या. नंबर दोनदा चुकला. मग मीच फिरवला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून आवाज येताच मात्र बाई बोलल्या त्या टेलिफोन-खोलीतल्या आवाजात, स्वच्छ आणि सपाट.

“सिस्टर, नाडीच्या पडद्याचा प्रोग्राम आम्ही करतो. एक रिकामा बेड आहे का?”

“टेबलासमोरचाच नऊ नंबर रिकामा आहे. पण आत्ता वेळ नाही हो, मी एकटी आहे इथे.”

“दोन मिनिटं. नऊ नंबरच्या मशीनची क्लिप स्वतःच्या बोटाला लावा.”

सिस्टर काहीतरी पुटपुटल्या, पण बिनतारी फोन कानाला धरून गेल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “लावली. टेबलावरच्या पडद्यावर चौऱ्याहत्तर दिसतंय.”

“मशीनच्या मागची वरची, म्हणजे पहिली केबल काढा.”

“काढली. हिरवंच आहे. बरोबर ना? दोन केबली त्यासाठीच दिल्यात ना?”

“आता क्लिप बोटातून काढून टाका.”

फोनमधून क्लिप निघाल्याची टिचकी ऐकू आली.

“अहो,” सिस्टरचा आवाज एकदम खाली आला. “इथे अजून चौऱ्याहत्तरच दिसतंय.”

“लाल?”

“नाही. हिरवं. माझं बोट बाहेर आहे आणि नाडी चालूच आहे!”

“सिस्टर, बाकीच्या बेडच्या वरच्या केबली बघा. आत्ताच्या आत्ता. पडद्याकडे बघू नका, माणसांकडे बघा.”

फोन टेबलावर आपटला गेला. लांब जाणाऱ्या चपलांचा आवाज. एक, दोन, तीन, असं बाई ओठातल्या ओठात मोजत होत्या, बहुधा बेड. मग तिकडून ओरडणं ऐकू आलं, “डॉक्टरांना बोलवा! चार नंबर!” धावपळ, चाकांची घरघर, कोणीतरी पडदा ओढल्याचा आवाज. त्यानंतर फोनवर नुसता वॉर्ड ऐकू येत राहिला. बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “मी बटण दाबलं. मी दाबलं.” मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर त्यांना तो कळलासुद्धा नाही.

अकरा मिनिटांनी सिस्टर परत आल्या. धाप लागली होती. सकाळी फरशी पुसताना चार नंबरच्या मशीनची वरची केबल ओढली गेली होती. झोपेत व्यत्यय नको म्हणून मशीनचा स्वतःचा आवाज बंद ठेवलेला, सगळी भिस्त टेबलावरच्या पडद्यावर. पडद्यावर बहात्तर. बेडवरचे आजोबा घामाने भिजलेले, हात गार आणि नाडी अडतीस.

“आहेत ना?” बाईंनी विचारलं. त्या आवाजात आता टेलिफोन-खोली नव्हती.

“आहेत. इंजेक्शन दिलंय. पण अजून थोडा वेळ गेला असता तर...” “तुमचं नाव काय?”

बाईंनी नाव सांगितलं, आणि म्हणाल्या, “हा बदल मीच मंजूर केला होता.”

आप्पा दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे. ते माझ्या खुर्चीवर बसले आणि स्वतःच्या हाताने जुना प्रोग्राम परत बसवायला लागले. वीस मिनिटं लागली. शेवटी म्हणाले, “तीन महिन्यांपासून मला एकेक ओळ दोनदा वाचावी लागते. लक्षात राहत नाही गं. कोणाला कळू नये म्हणून तुला घाई केली.” बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण ‘जाऊ दे’ म्हणाल्या नाहीत. मला ते बरं वाटलं.

अहवाल बाईंनी लिहिला. पहिल्याच ओळीत स्वतःचं नाव, दुसऱ्या ओळीत ती अर्धी वाचलेली फाइल. मग मी माझ्या चाचणीबद्दल लिहिलं आणि आप्पांनी त्यांचं. कंपनीने बाईंना थेट फोन केल्याबद्दल लेखी ताकीद दिली आणि त्याच आठवड्यात तो नियम काढून टाकला. दोन्ही कागदांवर सही एकाच साहेबांची.

त्यानंतर चार दिवस बाई कामावर आल्या नाहीत. मी घरी फोन केला तर यजमान हळू आवाजात म्हणाले, “आई दुपारी झोपली की ही तिचं मनगट धरून बसते. घड्याळ लावून मोजते. आई वैतागलीय, म्हणते, मी मेले तर सांगेन ना तुला!” ते हसले, पण हसू लगेच विरलं.

दुरुस्त केलेला प्रोग्राम आप्पा आणि आणखी एक जण, असा दोघांनी मिळून लिहिला. तो बाईंनी आणि मी, अशा दोघींनी वाचला. एका बैठकीत एकच फाइल. मध्ये फोन आला तर पहिल्या ओळीपासून पुन्हा. आणि बाईंनी अट घातली, की बसवायच्या दिवशी आपण स्वतः तिथे जायचं.

वॉर्ड मी कल्पनेत रंगवला होता त्यापेक्षा लहान होता. फिनेलचा वास, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. सिस्टर बाईंपेक्षा वयाने लहान निघाल्या. चार नंबरचे आजोबा पाचव्या दिवशी घरी गेल्याचं त्यांनी सांगितलं. आम्ही एकेका बेडपाशी गेलो. बाई वरची केबल काढत, मी टेबलावरून आकडा ओरडून सांगे, मग केबल परत लावून खालची काढत. प्रत्येक वेळी केबल ओढण्याआधी त्या डोळे मिटत. पदराने कपाळ पुसून पुसून पदर ओला झाला.

चार नंबरवर आता एक मध्यमवयीन मावशी होत्या. त्यांनी विचारलं, “काय बिघडलंय का?”

“बिघडलं होतं,” बाई म्हणाल्या. “आता बघतोय.”

केबल निघाली. मी म्हटलं, “एकोणऐंशी. ऐंशी. अठ्ठ्याहत्तर.” आकडा हलत होता.

“अहो, पेशंट मी आहे,” मावशी म्हणाल्या, “आणि घाबरलेल्या तुम्ही दिसताय.”

“हो,” बाई म्हणाल्या. मग स्टूल ओढून त्या तिथेच बसल्या आणि काढलेली केबल मांडीवर धरून दहा मिनिटं पडद्याकडे बघत राहिल्या. सिस्टरनी पाण्याचा पेला आणून दिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून प्यायला, केबल परत लावली, खालची काढून बघितली, आणि मग पाच नंबरकडे निघाल्या.